साकवाची बातमी

नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी कात्री घेऊन बसले. रत्नागिरीतल्या एका मोठ्या सरकारी कार्यालयात माझं टेबल होतं आणि काम होतं कात्रणांचं. सकाळी साडेनऊला शिपाई सात वर्तमानपत्रं आणून टाकायचा. त्यांतल्या आमच्या कार्यालयाच्या बातम्या कापायच्या, कोऱ्या कागदावर चिकटवायच्या, वर पेपरचं नाव आणि तारीख घालायची आणि अकराच्या आत फाइल मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची. बातमी आमच्या कौतुकाची असली तर निळ्या पेनाने चौकट, आमच्याविरुद्ध असली तर लाल. लाल चौकट ज्या विभागाची, त्या विभागाला दुपारपर्यंत पत्र जायचं : ‘चोवीस तासांत खुलासा सादर करावा.’

बातमी खरी की खोटी, याला कुठल्याच रंगाची चौकट नव्हती. पहिली काही वर्षं तर हे माझ्या लक्षातही आलं नाही.

उलट मला त्या कामाचा अभिमान होता. कार्यालयात माणसं अर्ज घेऊन यायची. अर्जावर शिक्का बसायचा, आवक नंबर पडायचा आणि मग तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर असा काही फिरायचा की देणारा माणूस म्हातारा व्हावा. तोच मजकूर पेपरात चार ओळींत छापून आला की मात्र दुसऱ्या दिवशी जीप निघायची. एकदा हेदवीकडचे एक आजोबा नळाला चार महिने पाणी नाही म्हणून तिसऱ्यांदा आले होते. घरून निघायला पहाटे उठावं लागलं असणार, कारण दहा वाजता ते पायरीवर बसलेले होते. त्यांना मी हळूच म्हटलं, “आजोबा, अर्ज राहू दे. पेपरात द्या.” त्यांनी दिलं. आठवड्यात नळाला पाणी आलं. मग ते पुन्हा आले ते आमसुलांची पिशवी घेऊन. “बाय, तुझ्यामुलं पाणी आलां,” म्हणाले. मी आमसुलं घरी आणली आणि नवऱ्याला सांगितलं की आज मी एक गाव तहानेतून सोडवला.

त्यानंतर मी तो सल्ला कितीजणांना दिला त्याची मोजदाद नाही. मला वाटायचं, सरकार बहिरं असलं तरी त्याला वाचता येतं, आणि ते काय वाचतं हे माझ्या कात्रीच्या हातात आहे. एवढा मूर्खपणा मी नऊ वर्षांत दुसरा केला नाही.

ती शिक्षिका आली तेव्हा आषाढ चालू होता. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने बारीक, साडीच्या निऱ्यांना चिखल वाळलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. पोफळीच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेवर ती होती. म्हणजे शिकवणारीही तीच आणि घंटा देणारीही तीच. रजा टाकून, तीन एसट्या बदलून ती रत्नागिरीला आली होती.

“बांधकामचे साहेब आहेत?” तिने विचारलं.

“मीटिंगला गेलेत.”

“मागच्या वेळीसुद्धा मीटिंगलाच होते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती नोंद होती.

मी तिला बसवलं, पाणी दिलं, कागद बघितले. शाळा आणि वाडी यांच्या मधून एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यात बेडकाला बुडायला पाणी नसतं, पावसाळ्यात मात्र तो लोंढा घेऊन येतो. त्याच्यावर पूर्वी साकव होता, म्हणजे माणसं जाण्यापुरता अरुंद पूल. तो एका पावसात वाहून गेला. शाळेत अकरा मुलं, त्यांतली सात पलीकडची. तिने तीन वर्षांत चार अर्ज केले होते आणि चारही अर्जांच्या प्रतींवर आमचा गोल शिक्का होता. शेवटच्या अर्जातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘मी रोज स्वतः दोराच्या आधाराने मुलांना उतरवून घेते व पोचवते, परंतु मी आजारी असताना हे कोण करणार, याची कृपया नोंद घ्यावी.’

“दोर कुठून आणलात?” मी विचारलं.

“विकत. दोन्ही काठांना आंब्याची झाडं आहेत, त्यांना बांधलाय.”

मग मी माझा तो सल्ला तिला दिला. “बाई, अर्जाने इथे काही होणार नाही. बातमी येऊ द्या.”

ती घाबरली. “मी सरकारी नोकर. मला पेपरवाल्यांशी बोलायची परवानगी नाही.”

“तुम्ही नका बोलू. वाडीतल्या आयाबायांना बोलू दे.” आणि मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्यांच्या तालुक्यातल्या एका वार्ताहराचा नंबर लिहून तिच्या हातात ठेवला.

तो वार्ताहर माझ्या ओळखीचा होता. झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि एका दैनिकाला बातम्या पाठवायचा. पगार नव्हता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती आणून द्यायच्या, त्यांवर कमिशन मिळायचं. तरी पण माणूस बरा होता. पायी चालत वाडीवर जाणारा होता. तो गेला, बघून आला आणि त्याने सरळ, स्वच्छ बातमी लिहिली. तीन कॉलम आणि फोटो. फोटोत दोर, दोराला धरून उभी असलेली शिक्षिका आणि तिच्या कमरेला बिलगलेली एक लहान मुलगी. मी ती बातमी कापली, लाल चौकट काढली आणि वाट बघत बसले, की आता जीप निघेल.

जीप निघाली नाही. बांधकाम विभागाने खुलासा दिला, ‘प्रस्ताव निधीअभावी प्रलंबित.’ पण ती बातमी मुंबईच्या एका वृत्तवाहिनीतल्या कुणाच्या तरी डोळ्यांना दिसली. त्यांनी वार्ताहराला फोन केला की आमची माणसं येताहेत, जागा दाखव. गणपतीला पंधरा दिवस होते.

त्या दिवशी वाडीवर काय झालं ते मला नंतर तिघांकडून कळलं : वार्ताहराकडून, वाडीतल्या एका आईकडून आणि शिक्षिकेच्या चौकशीतल्या जबाबातून. तिघांचं सांगणं तंतोतंत जुळत होतं, म्हणून मी ते खरं धरते.

चॅनेलची एक मुलगी माइक घेऊन आली, बरोबर कॅमेरावाला. शाळा सुटायची वेळ होती. चार दिवस उघाड होती, त्यामुळे पऱ्याला पाणी गुडघ्याएवढंच होतं. शिक्षिका नेहमीसारखी मुलांना घेऊन खाली आली. कॅमेरावाला म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. फ्रेममध्ये फक्त मुलं पाहिजेत.” दोरसुद्धा सोडून ठेवायला लावला, कारण दोर दिसला की धोका दिसत नाही. मुलं एकदा पलीकडे गेली. मग त्यांना परत बोलावलं. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा शिक्षिका म्हणाली, “आता बास. पोरं गारठलीत.”

त्यावर माइकवाली म्हणाली, “आम्ही तुमच्या वरिष्ठांशी बोलूनच आलोय.”

खरं काय ते शिक्षिकेला कळेना. वरिष्ठांना विचारायचं तर फोन हवा, आणि त्या वाडीत रेंज येते ती फक्त शाळेच्या वरच्या पायरीवर. तिथे जवळच डोंगराच्या पोटात महाराष्ट्रासाठी वीज तयार होते, पण वर फोन लावायला पायरी शोधावी लागते. वार्ताहराला “पोरांजवळ थांबा हो” असं सांगून ती धावत वर गेली. केंद्रप्रमुखांना फोन लावला. फोन कानाला लावून ती तिथे उभी होती तेवढ्यात कॅमेरा खालून वर वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ते दाखवायला सुरुवात झाली. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर टीव्ही होता, मला आत बोलावलं तेव्हा तो चालू होता. कॅमेरा पाण्याला टेकवून धरला की गुडघाभर पाणी गळ्यापर्यंत दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मुलं हात वर करून चाललेली. मागे छाती धडधडेल असं संगीत. आणि मग ती, वरच्या पायरीवर, फोन कानाला. खाली लाल पट्टी : ‘चिमुकल्यांचा जीव पाण्यात, बाई मोबाइलमध्ये!’ तिचा आवाज काढून टाकलेला. ती काय बोलत होती ते ऐकू आलं असतं तर बातमी तिथेच संपली असती.

तेच दृश्य एका तासात मी सतरा वेळा तरी पाहिलं असेन. प्रत्येक वेळी तिच्याभोवती एक लाल वर्तुळ यायचं, जत्रेत चोर सापडल्यासारखं.

साहेबांच्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. मुंबईहून एकच प्रश्न : कारवाई काय केली? साहेब वाईट नव्हते. चहा देणाऱ्यालाही अहो-जाहो करणारे, नियमाने चालणारे. त्या दिवशी मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मला विचारलं, “ही बाई कोण? हिची काही फाइल?”

मी धावत गेले आणि पाच मिनिटांत चारही अर्ज आणून समोर ठेवले. मला वाटलं, आता सगळं मिटलं. कागदच बोलताहेत.

त्यांनी पहिला अर्ज वाचला. दुसऱ्याची तारीख बघितली. मग चारही एकावर एक रचून माझ्याकडे सरकवले. “हे आत्ता कशाला आणलेत?”

“साहेब, ती तीन वर्षं साकव मागतेय. दोर तिने स्वतः बांधलाय. पेपरात फोटोसुद्धा आला होता, मीच कात्रण लावलंय.”

“मग हे अर्ज पडून राहिले कुणाकडे? आपल्याकडेच ना?” ते हळू आवाजात म्हणाले. “बाहेर दोन कॅमेरे उभे आहेत. हे अर्ज त्यांच्या हातात पडले तर उद्या पायरीवर मी दिसेन. साकव दोन तासांत बांधता येत नाही, ताई. ऑर्डर दोन तासांत निघते.”

ऑर्डर काढायची होती निलंबनाची. शिक्षण विभागाचा टायपिस्ट रजेवर होता. साहेब माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणू शकले असते. माझी चार वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न ठरत होतं, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. त्या क्षणी तसलं काही डोक्यात नव्हतं. साहेबांनी सांगितलं आणि मी जाऊन बसले, एवढंच. ‘कर्तव्यात गंभीर कसूर केल्याचे प्रथमदर्शनी दिसून येत असल्याने’ हे मी टाइप केलं. प्रथमदर्शनी म्हणजे टीव्हीवर, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

संध्याकाळच्या बातम्यांत तोच कागद पडद्यावर झळकला. ‘आमच्या बातमीचा दणका! शिक्षिका निलंबित!’ माइकवाली मुलगी हसतमुखाने सांगत होती की आमच्या पाठपुराव्याला यश आलं आहे. साकवाचा त्यात शब्दही नव्हता. पाणी तसंच, पऱ्या तसाच, फक्त मुलांना हात धरून उतरवणारं एकमेव माणूस तिथून काढलेलं. याला यश म्हणायचं.

मी घरी आले तेव्हा नवरा टीव्हीसमोरच होता. माझा नवरा एका कॉलेजात ग्रंथपाल होता, पुस्तकं हाताळण्यात आयुष्य गेलेला माणूस. तो मला म्हणाला, “बघितलंस? असल्यांना नुसतं निलंबित करून काय होतंय? घरी बसवायला पायजेत. सत्तर-सत्तर हजार पगार खातात.” त्याची ती चित्रफीत भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि वर्गमित्रांच्या ग्रुपवर पाठवूनही झाली होती.

मी चप्पल न काढता उभ्याउभ्या त्याला सगळं सांगितलं. अर्ज, दोर, फोन, सगळं. तो ऐकत होता, पण डोळे मधूनमधून पडद्याकडे जात होते. माझं संपल्यावर म्हणाला, “असेल बाबा. पण काहीतरी असल्याशिवाय टीव्हीवर दाखवतील काय?”

“अरे, मी त्या ऑफिसात बसते. मी स्वतः कागद बघितलेत.”

“तुला तुमच्या ऑफिसातलं दिसतं. त्यांना सगळीकडचं दिसतं.”

एवढं बोलून त्याने जेवायला काय करतेस म्हणून विचारलं. त्याच्या फोनवर ग्रुपमधल्या प्रतिक्रिया येत होत्या, त्या मी वाचल्या. त्या शिक्षिकेने काय करावं, तिला कुठे बांधून घालावं, तिच्या चेहऱ्यावरून ती कसल्या चालीची दिसते, हे आमच्या ओळखीची, देवळात भेटणारी, हळदीकुंकवाला येणारी माणसं लिहीत होती. एका डॉक्टरने तर जे लिहिलं होतं ते इथे उतरवायची माझी इच्छा नाही. त्याच्याकडे मी तोवर मुलीला औषधाला नेत होते. नंतर कधी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सातही पेपरांत निलंबनाची बातमी होती. आमच्या झेरॉक्सवाल्या वार्ताहराच्या पेपरातसुद्धा. मी कापून, चिकटवून बसले आणि चौकटीशी अडले. विरुद्ध की कौतुकाची? अधीक्षक मागून वाकून म्हणाले, “निळी करा. प्रशासनाची तत्परता.” मी निळी केली. हात धुतले, पुन्हा धुतले, तरी डिंकाचा तो गोड वास जाईना.

त्याच दिवशी एका पक्षाचं शिष्टमंडळ आलं. कडक कारवाईबद्दल साहेबांचं अभिनंदन करायला गुच्छ आणला होता. साहेबांनी गुच्छ घेतला, फोटो निघाले. ती माणसं जिना उतरत असताना वाडीतल्या तीन बायका वर चढत होत्या. पायांत चिखलाच्या चपला, एकीच्या कडेवर पोर. साहेबांना भेटायचंय म्हणाल्या. शिपायाने त्यांना माझ्याकडे आणलं.

त्यांतली पुढची, काळीसावळी, ठाम बोलणारी, म्हणाली, “आमच्या बाईनी पोरांना कधी एकटा सोडलान नाय. मी सोता साक्षी हाय. त्या दिवशीबी त्या लोकांनीच पोरांना पान्यात परत परत उतरवलान. आमाला टीव्हीत ह्या सांगायचा हाय.”

खाली आवारात दोन फोटोग्राफर अजून उभे होते. मी स्वतः त्या बायकांना घेऊन खाली गेले. एकाने कॅमेरा उचलला आणि विचारलं, “कशाबद्दल आहे? मारहाण वगैरे?”

“नाही. शिक्षिका निर्दोष आहे असं यांचं म्हणणं आहे.”

त्याने लेन्सवर झाकण बसवलं. “ती स्टोरी झाली काल,” म्हणाला आणि गाडीला किक मारली.

वाडीतली ती बाई निघालेल्या गाडीकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, “मगे आता आमच्या पोरांना पलीकडं कोण न्हेनार?”

आठवड्याने वार्ताहर काही कागद द्यायला आला तेव्हा मी त्याला बाहेर टपरीवर गाठलं. सरळ विचारलं, “तुम्ही तिथे होतात ना? मग तुमच्या पेपरात खरं का नाही लिहिलंत?”

त्याने कप खाली ठेवला. “लिहिलं होतं, ताई. तीनशे शब्द पाठवले. वरून फोन आला, म्हणाले, सगळे एक बाजू लावतायत आणि तू दुसरी काय काढतोस? लोकांना काय वाटेल? मग त्यांनी मुंबईचीच बातमी लावली.” थांबून म्हणाला, “चॅनेलने मला त्या दिवसाचं पेट्रोल दिलं आणि पुढच्या वेळी तुमचंही नाव लावू म्हणाले. यापुढे मी कुणाचा नंबर देणार नाही म्हणालो त्यांना.”

“आणि पुढच्या वेळी त्यांचा फोन आला तर?”

“उचलेन,” तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं मोठेपण.

मी त्यानंतर एकच काम धड केलं. चारही अर्जांच्या शिक्क्यासकट प्रती आणि त्या तीन कॉलमी बातमीचं कात्रण एका पाकिटात घालून शिक्षिकेच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. पाकिटावर माझं नाव घातलं नाही. धाडसालासुद्धा मी निनावी टपाल शोधलं. तिने ते कागद चौकशीत लावले, आयांचे जबाब झाले आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आधी तिला कामावर परत घेतलं. आदेशात ‘दोषारोप सिद्ध होत नाहीत’ असं होतं. ती बातमी सातांपैकी एकाही पेपरात आली नाही. मी आठ दिवस रोज शोधली. वार्ताहराला फोन केला तर म्हणाला, “पाठवलीय, जागा नाही म्हणतात.”

कामावर घेतलं ते त्या शाळेवर नाही. मंडणगडच्या टोकाला बदली केली. आणि तिची शाळा? तिच्या जागी कुणी शिक्षक टिकेना, त्या बदनाम शाळेवर यायला कुणी तयार होईना. ज्यांना जमलं त्यांनी पोरं मामाकडे, आत्याकडे ठेवली, दोघी आया पोरांना घेऊन मुंबईला नवऱ्यांकडे गेल्या. पट चारावर आला तेव्हा शाळा बंद केली आणि उरलेली मुलं खालच्या मोठ्या शाळेला जोडली. ती आता सकाळी दुसऱ्याच वाटेने, रस्त्याने, पाऊण तास चालत जातात.

साकव मात्र झाला. चांगला सिमेंटचा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा असलेला. उद्घाटनाला तीच वाहिनी आली होती. मंत्र्यांनी फीत कापली, चार पोरांना गणवेश घालून पलीकडून अलीकडे चालवत आणलं. शाळा बंद आहे हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. ‘बातमीचा इफेक्ट’ असं मोठ्या अक्षरांत आलं. साहेबांची तोवर बदली झाली होती, बढतीवर.

मला आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आमच्या घरात टीव्ही अजून आहे, नवरा अजून बघतो. मी त्या वेळेला स्वयंपाकघरात असते, पण आवाज तिथेही येतो. कुणाच्या तरी नावाने शंख चाललेला असतो आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, हा कुणाच्या टेबलावरचा कागद असेल, कोण टाइप करत असेल.

मागच्या वर्षी एका लग्नाला खेडला गेले होते. परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसले तर समोरच्या बाकावर ती. केस पांढरे झाले होते, पण मी लगेच ओळखली. तिने मला ओळखलं नाही. तिच्याशेजारी बसलेल्या एका कॉलेजातल्या मुलीने मात्र तिच्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं, मग आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात घेऊन हसल्या. तिने ते पाहिलं. पदर सारखा केला आणि नजर गाड्यांच्या फलाटाकडे वळवली. म्हणजे इतक्या वर्षांनीही ते चालूच होतं, आणि तिला त्याची सवय झाली होती.

मी उठून तिच्याजवळ गेले. मी कोण ते सांगितलं. तिने लगेच हात धरला. “त्या नंबर देणाऱ्या ताई! ते पाकीटसुद्धा तुमचंच ना? मला वाटलंच होतं.”

तिने असे आभार मानले असते आणि मी ते घेऊन घरी आले असते, तर मला स्वतःची आणखी किळस आली असती. म्हणून मी सांगून टाकलं. “पाकीट माझं होतं. पण ती ऑर्डरसुद्धा मीच टाइप केली होती.”

तिने हात सोडला नाही. मग म्हणाली, “तुम्ही केली होती? त्यात माझं आडनाव चुकलं होतं. एक काना जास्त पडला होता.”

“मला आठवत नाही,” मी म्हटलं.

“त्या कान्यापायी पहिल्या चौकशीची तारीख परत गेली. दुरुस्तीचं पत्र यायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मी कुणाची कोण, हेच ठरत नव्हतं.” ती हे रागाने म्हणाली नाही. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला असतात हे जसं म्हणाली होती, तसंच. “चॅनेलवाल्यांनी नाव बरोबर लिहिलं होतं.”

माफी हा शब्द तोंडाशी आला होता, पण तो मला फार स्वस्त वाटला. फलाटावर मंडणगडची गाडी लागली. तिने पिशवी उचलली, छत्री काखेत धरली आणि “येते हं” म्हणून निघाली. दारात गर्दी होती. त्या दोन मुलीही त्याच गाडीला होत्या. एकीने फोन वर केला तसा तिने पदर तोंडाशी धरला आणि कंडक्टरच्या मागून आत शिरली. गाडी सुटेपर्यंत मी उभी होते, पण ती पलीकडच्या खिडकीला बसली असावी. मला दिसली नाही.